गॉगलवाल्या कासवाचं कीर्तन

गोपाळकृष्ण मुळ्ये ऊर्फ अण्णा यांना कासवात घालून दाभणाने शिवून टाकलं, तेव्हा देवळाच्या मंडपात पोरांचा नुसता धुडगूस चालला होता आणि कीर्तनाला चिपळूणहून यायचे ते बुवा अजून रस्त्यातच होते.

अण्णांनी हे सगळं ओढवून घेतलं होतं ते कीर्तनापायी. पोस्टातली नोकरी त्यांनी पोटासाठी केली. जन्म घेतला होता तो उत्सवात कीर्तनकाराच्या मागे बसून पेटी वाजवायला. बुवांनी पद उचलायच्या आत अण्णांची बोटं त्या सुरावर जाऊन बसलेली असत आणि आख्यानात करुण प्रसंग आला, की पेटीच्या पट्ट्या ओल्या होत. स्वतः मात्र ते कधी चार शब्द बोलायला उभे राहिले नव्हते. ती नारदांची गादी, आपण तिच्यामागे बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण अलीकडे श्रोते आटले होते आणि उत्सव समितीचा नवा सेक्रेटरी यज्ञेश याने स्पष्टच सांगून टाकलं होतं.

"अण्णा, राग मानू नका. गेल्या वर्षी कीर्तनाला माणसांपेक्षा सतरंज्या जास्त होत्या. यंदा शेवटच्या दिवशी मंडप भरला तर ठीक. नाहीतर पुढल्या वर्षापासून ऑर्केस्ट्रा."

"देवासमोर ऑर्केस्ट्रा?"

"भक्तिगीतांचा हो! मी काय अगदीच हा आहे का?"

अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. नेमकी त्याच आठवड्यात त्यांची भाची उर्वी मुंबईहून आली. ती एका प्रकाशकाकडे चित्रं काढायची आणि 'धोंडोपंत कासव' या जुन्या पुस्तकाला नवं रूप द्यायचं काम तिच्याकडे होतं. धोंडोपंत म्हणजे पगडी, उपरणं, नाकावर चष्मा, काखेत छत्री. सगळीकडे सावकाश जायचे आणि वेळेवर पोचायचे. अण्णा त्यांच्यावरच वाचायला शिकले होते. उर्वीने नवं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि अण्णांनी ते उलटं धरलंय का ते आधी पाहून घेतलं.

"हे काय गो? धोंडोपंतांना ही फाटकी विजार कुणी घातली?"

"जीन्स आहे ती, मामा. आणि ते धोंडोपंत नाहीत आता. डँडी."

"पगडी?"

"कॅप. उलटी घालतात."

"छत्री?"

"मोबाइल."

"चष्मा तेवढा ठेवलात, बरं केलंत."

"गॉगल आहे तो."

"आणि हा धावतोय कशाला? कुठे आग लागलीय?"

"आजच्या मुलांना स्पीड लागतो, मामा. हळू चालणारं कासव कोण विकत घेणार?"

यावर अण्णा तोंड उघडणार, तोच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या पुस्तकाचं प्रकाशन देवळात करायचं! कीर्तनाच्या अगदी आधी! पोरं आली की त्यांच्या आया येतील, आया आल्या की मंडप भरेल आणि एकदा बूड टेकलं की बुवांचा आवाज त्यांना उठू द्यायचा नाही. पेटीवर नवा राग सापडावा तसे अण्णा घरभर फिरले. यज्ञेशला पटवलं, शाळाशाळांतून स्वतः जाऊन सांगून आले. "जिवंत डँडी येणार आहे हो! चालताबोलता!"

चालताबोलता डँडी म्हणजे दापोलीचा एक नाटकात कामं करणारा मुलगा. त्याची एसटी चुकली.

मंडप पोरांनी फुलला होता. उर्वी देवळामागच्या खोलीत कासवाची पाठ मांडीवर घेऊन रडकुंडीला आली होती. ती पाठ लवू शिंप्याने केली होती. आंबे वाहायचा मोठा बांबूचा हारा, त्यावर हिरवं रेक्झिन आणि पुढून पोटाला फोमची गादी.

"मामा," उर्वी डोळे पुसत म्हणाली, "तुमची उंची... म्हणजे तुमची अंगलट..."

"बोल, बोल. अडखळू नकोस."

लवू मधेच म्हणाला, "अन्ना, माप घ्यायलाच नको. तुमच्यावरच बेतल्यासारखा हाय."

मंडप भरल्याचा आवाज अण्णांच्या कानात घुमत होता. त्यांनी सदरा आणि धोतर काढून ठेवलं, जीन्स चढवली आणि बनियनवर कासव घातलं. उलटी टोपी आली, गॉगल आला, पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लागतात ते बूट आले. लवूने चेन ओढली आणि ती त्याच्या हातात आली.

"थांबा, हलू नका," म्हणून त्याने दाभण घेतलं आणि चपला शिवायच्या दोऱ्याने अण्णांना दोन्ही बाजूंनी पक्कं करून टाकलं. मग घाईघाईने पसारा बोचक्यात कोंबला. पालीला पुतण्याची हळद होती. गाडी पकडायची होती.

प्रकाशन असं झालं म्हणता! अण्णांनी नुसतं पाऊल टाकलं, टाचा पेटल्या आणि मंडपात जो कल्लोळ उठला, तो देवालाही नवा असेल. पोरं बाकांवर चढली. अण्णा या टोकाचे त्या टोकाला गेले, हात हलवले, पुस्तकं वाटली. यज्ञेश खांबाला टेकून गर्दीकडे बघत राहिला. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने येऊन निरोप दिला. हातखंब्याच्या वळणावर ट्रक आडवा झालाय, दोन्हीकडची वाहतूक ठप्प आणि बुवांची एसटी त्यात अडकलीय.

"काही हरकत नाही," अण्णा म्हणाले. "नामजपाला सुरुवात करू. मी पेटीवर बसतो."

बसतो म्हणाले खरे. त्यांनी मांडी घालायला गुडघे वाकवले, तशी हाऱ्याची कड जमिनीला लागली आणि अण्णा पाठीवर गोल फिरून उताणे झाले. चार हातपाय वर आणि टाचांतले दिवे सुरू.

"परत! परत!" पोरांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

तिघांनी धरून त्यांना उभं केलं. यज्ञेश कानाशी लागला. "अण्णा, कात्री आणतो."

"नको, प्लीज," उर्वी म्हणाली. "उद्या चिपळूणला, परवा दापोलीला हाच पोशाख लागणार आहे."

"मी तरी कुठे कापून घेतोय?" अण्णा कुजबुजले. "आत नुसता बनियन आहे."

"मग धोतर सदरा आणू?"

"पालीला गेलं. हळदीला."

लवूच्या बोचक्यात अण्णांचे कपडेही गेले होते. आता उभं राहण्याखेरीज इलाज नव्हता. पेटीवर उर्वी बसली. लहानपणी मामांकडेच शिकली होती. तबल्यावर आत्माराम होताच. अण्णा पेटीशेजारी उभे राहिले, तर यज्ञेश ओरडला, "समई! अण्णा, रेक्झिन पेटेल!" ते डावीकडे सरकले, तिथे पोरं. उजवीकडे सरकले, तिथे फुलांची परडी. सरकता सरकता मोकळी जागा मिळाली तिथे ते थांबले आणि ती जागा म्हणजे कीर्तनकाराची गादी.

त्याच वेळी राहीआजी आल्या. पाठीतून पार वाकलेल्या, पण उत्सवाच्या दर्शनाला त्यांचा पहिला मान. देवळात शिरलं की आधी जमिनीतल्या दगडी कासवाला हात लावायचा आणि मग देवाकडे बघायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. आज कासवावर पोरांसाठी सतरंजी अंथरली होती. आजींनी काठीने चाचपलं, इकडेतिकडे पाहिलं आणि समोर दिसलं भलं मोठं हिरवं कासव.

"यंदा उभं केलंनी होय? बरं केलंनी हो. वाकवत नाही मेलं मला."

आजींनी त्याला मनोभावे हात लावून नमस्कार केला, डोळे पुसले, त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि देवासाठी आणलेला हार निम्मा तिथेच घातला. मागच्या बायकांनी पाहिलं, की राहीआजी गादीवरच्या माणसाला नमस्कार करतायत. गादीवर जो उभा, त्याला नमस्कार करायचा. तो कोण, केवढा, हे बघायचं नसतं. रांगच लागली. आणि आत्माराम, जो वाजवताना कधी डोळे उघडत नसे, त्याच्या नाकाला बुक्क्याचा वास गेला. बुवा उभे राहिले म्हणायचे, असं समजून त्याने तबल्यावर थाप दिली.

"अण्णा, उतरा," यज्ञेश दबक्या आवाजात म्हणाला.

अण्णांनी उतरायला पाय उचलला. तेवढ्यात त्यांना दिसलं, पुढच्या रांगेतली एक आई लेकीला म्हणत होती, "चल गो, डँडी चालला." चार बायका उठल्या. हा पाय खाली ठेवला की मंडप रिकामा. मंडप रिकामा की ऑर्केस्ट्रा. शिवाय गळ्यात हार पडल्यावर, देवासमोर, नारदांच्या गादीवरून मुकाट्याने निघून जायचं? असं कुणी केल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय होता तिथेच ठेवला. टाच पेटली.

"विठ्ठल विठ्ठल!" अण्णा म्हणाले. आवाज असा फुटला, की मागे उर्वीला सूर शोधावा लागला. पण पोरांनी तो उचलला, आयांनी उचलला आणि गजर छपराला जाऊन भिडला.

गजर संपला. मंडप अण्णांकडे बघू लागला. अण्णांना एक अक्षर आठवेना. त्यांनी खाली मान घातली, तर दिसलं आपलंच हिरवं पोट.

"पोरांनो," ते म्हणाले, "सगळ्यांत मोठं कासव कोण, माहीत आहे?"

"डँडी!"

"डँडीचा बाप! साक्षात भगवंत!"

आणि गाडी सुटली. देव आणि राक्षस समुद्र घुसळायला निघाले. मंदार पर्वताची रवी केली, वासुकीची दोरी केली.

"डोंगर केवढा होता?" एका मुलाने विचारलं.

"भगवती किल्ला बघितलास ना? तसले रचत जा एकावर एक. दमलास की थांब. अजून झालेला नाही. आता एवढा डोंगर पाण्यात सोडला. राहील? बुडायला लागला की! देव ओरडतायत, राक्षस ओरडतायत, जो तो वर उभा राहून सल्ले देतोय. खाली जायला कोण तयार? तेव्हा भगवंत कासव झाले आणि गेले सरळ तळाला. त्यांना कुणी विचारलं का, तुमचा स्पीड किती? डोंगर पेलायला स्पीड लागत नाही रे बाळांनो. पाठ लागते!"

मागून पेटीचा एक सूर हुंदका दिल्यासारखा आला. उर्वी होती.

मग अण्णांना आवरणं देवाच्याही हातात राहिलं नाही. तोरणाची दोरी त्यांनी स्वतःच्या पाठीला गुंडाळून घेतली. "देव इकडे! राक्षस तिकडे!" पोरांनी दोरीची टोकं धरली. राक्षसांकडे माणसं कमी पडली म्हणून चार बाप उठले आणि शेवटी सेक्रेटरीलाही ओढून घेतलं. इकडून खेच, तिकडून खेच, मधे अण्णा घुसळले जातायत, टाचा लालेलाल, आत्मारामाचा तबला धावतोय.

"काय निघालं?" अण्णा ओरडले.

"सायकल!"

"नंतर!"

"हापूस!"

"तोही निघेल! पण आधी निघालं विष."

दोऱ्या थांबल्या. ते विष कुणी घेतलं, सगळ्यांसाठी एकट्याने घशात कसं धरून ठेवलं, हे सांगताना अण्णांचे डोळे नेहमीसारखे वाहू लागले. आज खाली पेटी नव्हती, त्यामुळे गॉगलच्या आत तळं साचलं. त्यांनी गॉगल काढला.

आणि दारात बुवा दिसले.

उंच, ताडमाड, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर आठ्या. चिपळूणचे बुवा म्हणजे सोवळ्याओवळ्याचं कडक प्रकरण. श्रोत्यांत कुणी पाय पसरले तरी आख्यान थांबवायचे. त्यांनी गादीकडे पाहिलं. उलटी टोपी, फाटकी जीन्स, बुक्का, हार. 'संपलं,' अण्णांना वाटलं, 'कीर्तनाचा मीच निकाल लावला.'

बुवा गर्दीतून वाट काढत पुढे आले, पिशवी खाली ठेवली आणि अण्णांच्या पायांवर डोकं टेकलं. बुटातले दिवे लागले, तसे ते किंचित दचकले. पण नमस्कार पुरा करूनच उठले.

"बुवा, अहो, मी तर पेटीवाला," अण्णा पुटपुटले.

"गादीवर आहात ना? मग चालू द्या. मी श्रोता." आणि बुवा दोन पोरांच्या मधे मांडी घालून बसले. राक्षसांच्या बाजूला.

अमृत निघालं तेव्हा मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावरून जाणारेही आत येऊन उभे होते. आरती झाली. यज्ञेश माईकवर आला. घामाघूम, शर्टाची बाही उसवलेली.

"पुढल्या वर्षी," तो धापा टाकत म्हणाला, "पाचही दिवस कीर्तन! आणि दोरी जाड आणू!"

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. अण्णांनी बुवांसमोर हात जोडले. "बुवा, ते पाचही दिवस तुमचेच. मी पेटीवर बरा. आता चार शब्द तेवढे आपण सांगावेत."

"आता?" बुवांनी मंडपाकडे नजर टाकली. "या पोरांना आज माझं धोतर दिसणारसुद्धा नाही हो."

त्यांनी उपरणं सारखं केलं, जवळपास कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि पेटी बंद करणाऱ्या उर्वीपाशी जाऊन उभे राहिले.

"काय गो मुली, त्या तुझ्या बुकात आणखी कोण कोण आहे?"

"एक बगळा आहे, बुवा," उर्वी चाचरत म्हणाली. "उंच, पांढरा, एका पायावर उभा असतो. त्याचं नवं रूप अजून ठरायचंय."

"घाईने काही ठरवू नका," बुवा गंभीरपणे म्हणाले. "तो शिंपी पालीहून परत आला, की आधी माझं माप घेऊ दे."