नवव्या ग्रीनवरचं दुसरं भोक

सकाळी साडेसहा वाजता शहराच्या सार्वजनिक गोल्फ मैदानाच्या पहिल्या ग्रीनवर दोन भोकं होती. असायला हवं होतं एक.

ग्रीन म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या शेवटी असलेला, गुळगुळीत दाढी केल्यासारखा कापलेला गवताचा तुकडा. त्यात एक भोक, भोकात पत्र्याचा पेला, पेल्यात झेंडा. चेंडू पेल्यात पडला की टप्पा संपला. एकाच जागी पाय पडून गवत मरू नये म्हणून हे भोक रोज सकाळी हलवावं लागतं. लोखंडी नळा जमिनीत दाबून नवं भोक पाडायचं, त्यातून निघालेलं गवतमातीचं बूच जुन्या भोकात ठोकून बसवायचं, आणि पेला व झेंडा नव्या जागी न्यायचे. काम सोपं आहे. फक्त ते एकाच माणसाने करायचं असतं.

त्या दिवशी ते दोघांनी केलं होतं. एक मैदानप्रमुख, आणि दुसरा त्यांचा सख्खा मेहुणा, जो मैदानाचा मुख्य माळी होता. मेहुण्याने रविवारी जेवताना सहज म्हटलं होतं की भावोजी स्वतः गवत कापायचं यंत्र चालवतात तेव्हा गवतावरचे पट्टे वाकडे येतात. प्रमुखांनी हात धुतला आणि तेव्हापासून दोघांत अबोला होता. भोकाची जागा प्रमुखांनी सांगायची आणि नळा मेहुण्याने दाबायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. पण अबोल्यात जागा सांगणार कशी? तीन दिवस भोकं हललीच नव्हती. म्हणून प्रमुख उजाडताच स्वतः नळा घेऊन आले, भोक डावीकडे हलवलं, जुनं बुजवलं आणि झेंडा धुवायला घेऊन गेले. मागोमाग मेहुणा आला. झेंडा दिसेना, तेव्हा त्याने आपल्या अंदाजाने उजवीकडे नळा दाबला, बूच उचललं आणि जुनं भोक शोधू लागला. ते आधीच बुजलेलं होतं. कोणाचं काम हे त्याच्या लक्षात आलं. तो बूच परत जिथल्या तिथे ठेवणार, एवढ्यात पाण्याचे फवारे सुरू झाले. साडेसहाची वेळ त्यानेच लावून ठेवली होती. बुचाचा त्याच्या हातातच चिखल झाला.

प्रमुखांनी हे लांबून पाहिलं, आणि क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग आज कोण येणार आहे ते आठवलं.

आज येणार होत्या वाहतूक समितीच्या अध्यक्षीणबाई. मैदान बंद करून तिथे वाहनतळ करायचा ठराव त्यांचाच. महापौर गेली वीस वर्षं या मैदानावर खेळत होते, तसे फार वाईट खेळत होते, पण मैदानावर त्यांचा जीव होता. दोघांत शेवटी तडजोड झाली ती अशी की बाईंनी स्वतः नऊही टप्पे चालून, खेळून पाहायचे. निगा चोख असेल तर ठराव मागे. एक जरी दोष दिसला तरी सोमवारी खोदकाम सुरू. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या, हीच त्यांच्याबद्दलची सगळ्यात वाईट बातमी होती.

एरवी अशा अडचणीला उपाय होता. सरावाच्या ग्रीनवर भोकं कितीही पाडली तरी चालतात, आणि शेजारच्या वाफ्यात सुटं गवत वाढवलेलं असायचं. पण ती ग्रीन आणि तो वाफा गेल्या वर्षीच बाईंनी वाहनतळासाठी घेतले होते. त्यावर आता दुचाक्या उभ्या राहत. नुसती माती भरावी तर गालावर डाग पडल्यासारखी दिसणार. बाहेरचं जाडं गवत लावावं तर टक्कल पडलेल्या डोक्यावर एकच बट ठेवल्यासारखं.

प्रमुखांनी बायकोला फोन लावला. ती क्लबच्या इमारतीत चहाचा ठेला सांभाळायची.

"तुझ्या भावाला विचार, आता काय करायचा विचार आहे."

"तुम्ही कुठे आहात?"

"त्याच्यासमोर."

"मग मला कशाला विचारता? माझं दूध उतू चाललंय."

तरी तिने भावाला फोन लावला. मेहुण्याने प्रमुखांकडे पाहत बहिणीला सांगितलं की दुसऱ्या ग्रीनवरचं बूच काढून इथे बसवतो. तिने ते प्रमुखांना कळवलं. प्रमुखांनी कळवलं की मग दुसऱ्या ग्रीनवर दोन भोकं होतील. मेहुण्याने कळवलं की त्यातलं एक तिसऱ्याचं बूच आणून बुजवू. यानंतर बहिणीने दोघांचेही फोन घेणं बंद केलं.

दुसरा मार्ग नव्हताच. मेहुणा दुसऱ्या ग्रीनकडे धावला, प्रमुखांनी फवारे बंद केले, आणि सात वाजता महापौर व बाई पहिला फटका मारायला उभे राहिले तेव्हा पहिल्या ग्रीनवर एकच भोक होतं. झेंडा स्वच्छ होता. बाईंचा चेंडू बुजवलेल्या जागेवरून गेला, जराही अडखळला नाही. प्रमुख मागच्या झाडीतून तिसऱ्या ग्रीनकडे पळाले.

तिथून पुढे सगळी सकाळ अशीच गेली. पुढच्या ग्रीनचं बूच काढायचं, मागच्याला बसवायचं, वरून पाणी शिंपडायचं, बुटाने दाबायचं आणि पाहुणे टेकाडावर दिसायच्या आत नाहीसं व्हायचं. एक भोक पाहुण्यांच्या पुढे पुढे मैदानभर चाललं होतं आणि दोन प्रौढ माणसं ते पुढे ढकलत होती. दोघं अजूनही बोलत नव्हते. मेहुणा हात पुढे करायचा, प्रमुख त्यात बूच ठेवायचे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी चालतं तसं.

खेळात पंच म्हणून एक निवृत्त दंतवैद्य होते. मैदानावर रोज येणारे, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले. तिसऱ्या ग्रीनवर ते एकदम थांबले, बुटाच्या टोकाने जमीन चाचपली आणि झाडामागे लपलेल्या प्रमुखांजवळ येऊन हळूच म्हणाले, "भरणी सुरेख बसलीय. दोन तास त्यावर काही कडक नको." आणि पुढे निघून गेले.

चौथ्या टप्प्यावर महापौरांनी चेंडू हरवला आणि थोडा वेळ मिळाला. पाचव्यावर त्यांनी नाइलाजाने चांगला फटका मारला आणि तो वेळ गेला. सहाव्याशी प्रमुखांची बायको चहाची किटली आणि कप घेऊन स्वतःच वाटेत उभी राहिली. तिला काही सांगावं लागलं नव्हतं. नवरा आणि भाऊ कुबड काढून झुडपांतून पळताना तिने खिडकीतून पाहिले होते. तिने बाईंना साखर किती, असं विचारलं, मग गुडघे दुखतात का विचारलं, मग स्वतःच्या गुडघ्यांचं सांगितलं. बाईंनी चहा अर्धा टाकला.

"तुमचा चहा छान आहे," त्या म्हणाल्या, "पण माझी लय बिघडतेय."

हे ऐकून महापौर चमकले. सकाळी काठी कुठल्या टोकाला धरायची हे विचारणाऱ्या बाई आता लयीबद्दल बोलत होत्या. सातव्यावर त्यांनी महापौरांना फटक्याच्या वेळी खोकू नका म्हणून बजावलं. आठव्यावर त्यांनी पाय जमिनीत घट्ट रोवले, ओठ दाबले आणि चेंडू असा मारला की तो ग्रीनच्या कडेला जाऊन बसला. पंचांनी फटके मोजले आणि जाहीर केलं की दोघंही बरोबरीत आहेत. महापौरांनी पुन्हा मोजायला सांगितलं. तरीही बरोबरीतच होते.

त्याच वेळी नवव्या ग्रीनवर मेहुणा नळा हातात धरून उभा होता. आठव्यासाठी बूच नुकतंच काढून, बसवून तो धावत परत आला होता. आता इथे दोन भोकं होती, आणि पुढे ग्रीन नव्हती. पुढे क्लबची इमारत होती.

"भावोजी," तो म्हणाला, "नवव्यानंतर दहावा नाही."

चार दिवसांनी त्याने प्रमुखांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"ते मला माहितीय."

"मग?"

"मग तू तिकडचं बघ, मी इकडचं बघतो."

एवढंच बोलणं झालं आणि ते पुरेसं झालं नाही. टेकाडावर टोप्या दिसल्या. मेहुण्याने जुन्या भोकातला पेला उचलून नव्या भोकात बसवला, कारण रोजची सवय तीच. प्रमुखांनी झेंडा जुन्याच भोकात रोवला, कारण तो तिथे होता. मग दोघांनी एकमेकांचं काम पाहिलं. एका भोकात झेंडा, दुसऱ्यात पेला. दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता. मेहुणा झुडपात शिरला. प्रमुखांनी पेल्याच्या भोकावर आपला बूट ठेवला, हात मागे बांधले आणि मैदानप्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहावा तसे उभे राहिले.

पाहुणे आले. महापौरांनी ग्रीनवरून शेवटचा फटका मारला आणि चेंडू झेंड्याच्या भोकात पडला. टप्प्यावरचा त्यांचा हा सातवा फटका होता. त्यांनी टोपी काढून इमारतीकडे हलवली. तिथे रोजची मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. आता बाईंचा सहावा. हा पडला तर एक फटका कमी, म्हणजे त्या जिंकणार होत्या. त्यांनी झेंड्याकडे नेम धरला आणि मारला. चेंडू सरळ निघाला, अर्ध्या वाटेत त्याला उतार लागला, आणि तो वळून थेट प्रमुखांच्या बुटाकडे येऊ लागला.

प्रमुखांची सगळी नोकरी या मैदानावर गेली होती. खेळात असलेल्या चेंडूच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. डोक्याने थांब म्हटलं, पण पाय उचलला गेला. चेंडू पेल्यात पडला. पत्र्याचा टणकन आवाज झाला आणि मैदानभर ऐकू गेला.

बाईंनी काठी हवेत उडवली. अशा माणसाला नाचताना कोणी पाहिलेलं नसतं म्हणून सांगायचं, त्या चक्क दोन पावलं नाचल्या.

"हे भोक नाही," महापौर म्हणाले.

"भोक नाही? मग माझा चेंडू कुठे गेला?"

"म्हणजे भोक आहे, पण ते नाही. झेंडा बघा कुठे आहे."

"आणि पेला बघा कुठे आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा चेंडू मातीत पडलाय, साहेब. माझा पेल्यात."

महापौरांनी जाऊन पाहिलं. चेंडू मातीत होता. त्यांचा चेहरा उतरला आणि मग रागाने लाल झाला. ते प्रमुखांकडे वळले. एका ग्रीनवर दोन भोकं, हा काय प्रकार आहे, ही काय निगा झाली, असा ढिसाळ कारभार आपण वीस वर्षांत पाहिला नाही, असं ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. प्रमुखांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवारचं खोदकाम उभं राहिलं, बायकोचा ठेला, मेहुण्याची नोकरी, आणि वाकड्या पट्ट्यांसकट सगळी हिरवळ.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या ग्रीनच्या मधोमध आल्या. झेंड्याच्या भोकाकडे पाहिलं, पेल्याच्या भोकाकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात हिशेब चाललेला दिसत होता, आणि हिशेबात त्या शहरात कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. दुसरं भोक हा दोष ठरला तर वाहनतळ त्यांचा, पण विजय हातचा गेला. दोष नसेल तर विजय त्यांचा.

"मला इथे कसलाच दोष दिसत नाही," त्या म्हणाल्या. "उलट मी इतकी चोख ठेवलेली जागा पाहिली नाही. पहिल्यापासून आठव्यापर्यंत तुम्ही एक तरी खोट दाखवा मला."

"आठव्यापर्यंत नाही, नवव्यावर आहे ना. हे बघा."

"हे? हे तर खेळाचं भोक आहे. काय हो पंच?"

सगळे दंतवैद्यांकडे वळले. त्यांनी चष्मा पुसला, गुडघ्यावर बसून दोन्ही भोकांत बराच वेळ पाहिलं, जणू आत कोणी 'आ' करून बसलं होतं. मग उठून म्हणाले की झेंडा एकीकडे आणि पेला दुसरीकडे असल्यास काय, याबद्दल पुस्तकात काही नाही. निकाल राखून ठेवतो. तोवर दोन्ही भोकं पुरावा आहेत, त्यांना कोणी हात लावायचा नाही.

"आणि मैदानालाही," बाईंनी लगेच जोडलं. "निकाल लागेपर्यंत एक कुदळ इथे पडता कामा नये. ठराव स्थगित."

महापौरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मैदान वाचावं म्हणून ते गेलं वर्षभर धडपडले होते. ते वाचलं होतं, आणि त्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं.

झुडपातून मेहुणा बाहेर आला. इमारतीकडून टाळ्या सुरू झाल्या होत्या. कोणासाठी हे मंडळींनी ठरवलं नव्हतं. प्रमुखांच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला, नवऱ्याला आणि भावाला एकाच बशीतून बिस्किटं दिली, आणि दोघांनी ती निमूटपणे खाल्ली.

त्या दिवसापासून मैदानावर गर्दी आहे. दोन भोकांची ग्रीन पाहायला येणारे चेंडू मारून पाहतात, आणि एकदा मारलेला माणूस पुन्हा येतो. झेंड्यावाले आणि पेल्यावाले असे दोन पक्ष पडले आहेत. प्रमुख आणि मेहुणा आपापलं मत कोणाला सांगत नाहीत, पण मेहुण्याने परवा स्वतः होऊन गवतावर पट्टे कसे आखायचे याबद्दल प्रमुखांचा सल्ला विचारला, आणि तो घेतला नाही.

निकालाबद्दल दंतवैद्यांना दोनदा पत्रं गेली. त्यांचं म्हणणं, त्या उतारावर चेंडू नेमका कसा वळतो हे सगळ्या ऋतूंत पाहिल्याशिवाय बोलणं घाईचं होईल. सध्या ते रोज सकाळी तिथे जाऊन पाहत आहेत. बाईंनी स्वतःच्या काठ्या विकत घेतल्या आहेत. काल त्यांनी महापौरांना निरोप धाडला की उद्या सकाळी पुन्हा नऊ टप्पे, आणि शेवटी कोणत्या भोकात मारायचं ते आधीच ठरवून. महापौरांनी होकार दिला. भोक कोणतं, यावर मात्र हे लिहीपर्यंत दोघांचं एकमत झालेलं नाही.