'येते' म्हणायचं नाही

आमच्या अंगणवाडीच्या दारात 'येते' म्हणायला बंदी आहे. ही बंदी सरकारची नाही, माझीही नाही. ती आमच्या मदतनीस प्रयागमावशींची आहे, आणि त्या हातात पळी घेऊन दारात उभ्या असल्या की ती मोडायची कुणाची टाप नसते.

आता आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? माणूस पाण्याची कळशी घ्यायला निघाला तरी 'येतो' म्हणून निघतो. पण मावशींपुढे हे चालत नाही. जूनमध्ये नवी लेकरं येतात. आया त्यांना कसंबसं सतरंजीवर टेकवतात आणि "येते हं, आत्ता येते" म्हणत मागच्या मागे सटकायला बघतात. मावशी दारातच आडव्या होतात.

"कावून खोटं बोलती गं? जातीस ना? मग जाते म्हण."

"अवो मावशी, असं अभद्र कसं म्हणू?"

"तोंडानं म्हण. जाते, खिचडी संपली की येते, असं म्हण. लेकराला घड्याळ कळत न्हाई, शबूद कळतो."

एकदा एक सासू थेट सरपंचांकडे गेली. सुनेला अंगणवाडीत नको ते बोलायला लावतात, अशी तिची तक्रार. सेविका मी, त्यामुळे बोलणी मला बसली. मी येऊन मावशींना चांगलं झापलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग उद्या सासूला बसवा सतरंजीवर. तिला म्हणा, आत्ता येते. बघू किती येळ गप बसती."

माझा स्वभाव मुळात घाबरा. जून आला की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. एक लेकरू रडलं की दुसरं सूर धरतं, तिसऱ्याची चड्डी ओली होते, तेवढ्यात मोबाईलवर फोटो टाकायची वेळ होते, आणि आजच मॅडम तपासणीला आल्या तर, म्हणून मी मधेच रजिस्टर उघडून बसते. मावशी मात्र आत कांदा चिरत असतात. बाहेर न बघता, नुसत्या कानावर त्या रडण्याची जात सांगतात.

"ते चपलेचं हाय. डावी उजवीत घातलीय."

बघावं तर खरंच डावी उजवीत.

"ते दाखवायचं हाय. त्याच्याकडं बघू नका, आपोआप बंद हुईल."

तेही होतं. मी आधी या गोष्टीला हसायचे. आता बाहेरून विचारते, "मावशी, हे कसलं?" आणि उत्तर आलं की जिवाला बरं वाटतं.

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असाच गोंधळ चालला होता. मावशींनी चिरता चिरता विळी बाजूला सारली. "एक जण गप हाय," त्या म्हणाल्या. "ते बघा आधी."

ती परी होती. नुकती तीन वर्षांची झालेली. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून उभी. आवाज नाही, नुसतं पाणी गळत होतं.

परीची आई सुनीता ऊसतोडीला जायची. पोरगी आली त्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "ताई, दसरा झाला की टोळी निघती. सासूला लई कमी दिसतं. पोरगी दिवसभर तुमच्यापाशी रुळली तर हितं ठेवते. न्हाई रुळली तर न्यावं लागंल." मग आवाज खाली गेला. "गेल्या साली बैलाच्या पायात गेलती. थोडक्यात वाचली."

झालं. माझ्या जिवाला घोर लागला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दसऱ्याची तारीख बघून ठेवली आणि रोज सकाळी आधी खिडकीकडे बघू लागले. परी रोज तिथेच. गाणी म्हणून झाली, चेंडू झाला, मी वाघाचा आवाज काढला. वाघाला बाकीची लेकरं घाबरली, परीने मानसुद्धा वळवली नाही. ती फक्त खिचडीच्या ताटलीवर यायची. शेवटचा घास गिळायची आणि विचारायची, "संपली. आई?" सुनीता दारात उभी असायचीच. मावशींचा तसा धाकच होता.

श्रावणात एक दिवस सुनीता सासूचे डोळे दाखवायला युसूफ वडगावला गेली आणि परतीची जीप मिळेना. इकडे खिचडी झाली. बाकीची लेकरं आपापल्या घरी गेली. परीची ताटली रिकामी होत आली तशी मी दारात जाऊन उभी राहिले. आज हिचा विश्वास उडाला तर संपलंच.

"संपली," परी म्हणाली. "आई?"

"कुठं संपली? ही काय!" मावशींनी चमचाभर वाढली.

ती संपली. मावशींनी पातेल्याची खरवड काढून वाढली. तीही संपली. मावशींनी सरळ डब्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि पुन्हा गॅस पेटवला.

"मावशी, तो उद्याचा शिधा आहे!"

"उद्याचं उद्या बघू. आज खिचडी संपली तर मी खोटी पडते."

परीचं पोट टम्म झालं होतं. ती एकेक शीत उचलून तोंडात टाकत होती, आणि मावशी तिच्यासमोर मांडी घालून, कपाळाला आठ्या घालून, एकेक शीत ताटलीत सोडत होत्या. मी दारातून रस्ता आणि रस्त्यावरून ताटली असं बघत होते. अडीच वाजता सुनीता धापा टाकत आली. परीने तिच्याकडे बघितलं, ताटलीतलं उरलेलं शीत खाल्लं आणि म्हणाली, "आता संपली."

दुसऱ्या दिवशी तिने खिडकी सोडली. सतरंजीवर बसली, शेजारच्याला ढकलून बसली. ते बघून मला रडूच आलं.

दसरा झाला. टोळी निघायचा दिवस शनिवार होता. गावाबाहेर ट्रॅक्टर उभा, त्यावर भांडीकुंडी चढलेली. सुनीता परीला घेऊन दारात आली आणि नुसतीच उभी राहिली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाईने लेकराला 'जाते' कसं म्हणावं? मलाही वाटलं, आजच्या दिवस राहू द्यावं. मी मावशींकडे बघितलं. त्या पळी घेऊन उभ्या होत्या, पण पहिल्यांदाच आडव्या झाल्या नाहीत.

बोलली ती परी. "आई, जाते म्हण की."

सुनीताने पदर तोंडाला लावला. "जाते," ती म्हणाली. "गुढी उभारली की येते."

परीला गुढी माहीत नव्हती. "खिचडी संपली की?"

"लई खिचड्या खायच्या," मावशी म्हणाल्या. "लई लई. मग गुढी."

परीने विचार केला आणि मान हलवली. सुनीता मागे न बघता गेली.

त्या दिवशी पातेलं घासताना मावशी आपणहून बोलल्या. "माझी कांता एवढीच व्हती, ताई. आमी कारखान्याला निघालो तवा तिला म्हणलं, आत्ता येते. सहा महिन्यांनी आलते. रोज उंबऱ्यावर बसायची म्हणं. मी आले तर माझ्याकडं येईचना."

कांता आता उमापूरला नांदते. दिवाळीला, पंचमीला येते. निघताना मी तिला पाहिलंय. पिशवी उचलते, "जाते गं" म्हणते आणि जीपमध्ये बसते. मला ती फटकळ वाटायची.

"तिनं मला कधी येते म्हणलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "खरंच बोलती. तिचं चुकत न्हाई. पण एखाद्या बारीला खोटं जरी म्हणली असती ना, तरी चाललं असतं."

मला फार वाईट वाटलं. त्या सासूच्या तक्रारीवरून मी यांना झापलं होतं, त्याची लाजही वाटली. मी घासलेलं पातेलं विसळायला घेतलं.

तेवढ्यात परीची आजी चाचपडत तिला न्यायला आली. परीने चपला घातल्या, डावी उजवीत. दारात पोचल्यावर ती वळली.

"मावशी, येते."

मी मनात म्हटलं, आता हिची दुरुस्ती होणार. मावशींनी खाली बसून तिच्या चपला बदलल्या आणि म्हणाल्या, "ये."

सोमवारी मी आले तर परी माझ्या आधी सतरंजीवर. अंगण मात्र दोनदा झाडल्यासारखं चकचकीत. शेजारच्या बाईने सांगितलं, काल रविवारी अंगणवाडी दिवसभर उघडी होती. आता मॅडमना काय सांगायचं?

"मावशी, सुट्टीच्या दिवशी दार कशाला उघडलं?"

"लेकरू येते म्हणून गेलतं. त्याला रविवार कळतो व्हय? आलं असतं अन् दार बंद दिसलं असतं तर?"

"मग आली होती का परी?"

"न्हाई," मावशी कांदा घेत म्हणाल्या. "पण दार उघडं व्हतं."