शिफारशीचा दात

उलामिलाचा नेम असा, की सकाळचं स्तोत्र म्हणून होईपर्यंत तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही. त्या शनिवारी फिजीच्या हिशेबनिसांच्या संस्थेचं उत्तर फोनवर आलं ते नेमकं स्तोत्राच्या आधी. तिनं ते वाचलं, फोन दालोच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या टोपलीत उपडा घातला आणि दात आवळून सगळं स्तोत्र म्हटलं. 'आमेन' म्हणताच ती नवऱ्याकडे वळली.

"आता बोलू?"

"बोल," सेरेमाया म्हणाला आणि त्यानं चहाचा मग जरा लांब सरकवला.

"म्हणतात, तुमची इंग्लंडची पदवी मान्य. अनुभव मान्य. इथल्या करकायद्याच्या पेपरात उत्तम गुण, अभिनंदन. फक्त तुम्हाला इथं ओळखतं कोण? संस्थेच्या दोन सभासदांनी 'स्वतःच्या अनुभवावरून' तुमच्या सचोटीची ग्वाही द्यावी. मग चार्टर्ड अकाउंटंट म्हणवून घ्या."

"मग घे की दोघांकडून लिहून."

"कोणाकडून? तू ब्रिटिश पलटणीत होतास तेव्हा मी तिकडे शिकले, तिकडेच नोकरी केली. माझी सचोटी सांगणारे सगळे तिकडे. इथं अनुभव नसताना 'अनुभवावरून' असं लिहिणारा माणूस खोटारडा. आणि खोटारड्यानं माझ्या सचोटीची ग्वाही द्यायची?"

वीस वर्षं पलटणीतल्या आरोळ्या ऐकलेल्या सेरेमायाला बायकोचा आवाज कधी चढल्याचं आठवत नव्हतं. ती चिडली की आवाज उलट खाली जायचा. आत्ता तो भांड्यातल्या नारळाच्या दुधाच्या रटरटीपेक्षा हळू होता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

गंभीर असायला कारणही होतं. राजधानी सुवाच्या बाजारामागे तिनं जिन्यावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. रंगाऱ्याला भारी उत्साह. त्यानं आठवडा आधीच दारावर 'उलामिला, चार्टर्ड अकाउंटंट' अशी पाटी रंगवून टाकली. 'चार्टर्ड अकाउंटंट' ही पदवी हाती येण्याआधी ती मिरवायची नाही असा संस्थेचा दंडक, म्हणून सेरेमायानं पाटीवर जास्वंदीच्या फुलांची जुनी चादर टांगली. दारावर चादर म्हणजे मयत, अशा समजुतीनं खालच्या भाजीवाल्या बायका तेव्हापासून रोज हळहळून विचारायच्या, "वर कोण गेलं हो?" घरमालक म्हणाला, शेवटचे दोन शब्द पुसून टाका. उलामिला म्हणाली, "पुसणार नाही. पाटीला घाई झाली आहे, पाटीची चूक झालेली नाही."

चूक झाली ती पुढे. मन मोकळं करायला तिनं मामांना फोन लावला.

वाईसाके मामा रेवा नदीच्या वरच्या अंगाला राहत. गावाच्या वतीनं चारचौघांत बोलायचं, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात मान. लग्न असो, मयत असो, कोणाची मनधरणी असो, गावाचं तोंड म्हणजे वाईसाके मामा. बोलायला लागले की यांगोना या मुळांच्या पेयाच्या पेल्यातला गाळ तळाला बसेपर्यंत थांबत नसत.

"मामा, ते म्हणतात मला इथं कोणी ओळखत नाही."

पलीकडे शांतता पसरली. मामा गप्प बसले की काहीतरी घडतं, हे ती इतकी वर्षं परदेशात राहून विसरली होती.

"तुला? माझ्या बहिणीच्या, आकानिसीच्या लेकीला?" मामा शेवटी म्हणाले. "बघतो."

सोमवारी दुपारी त्यांचा बस-स्टँडवरून फोन आला. "झालं तुझं काम, पोरी. त्यांनी घेतला."

"काय घेतला?"

"तांबुआ."

उलामिलाच्या हातातून गणकयंत्र पडलं. तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात, तेल पिऊन पिऊन मधाच्या रंगाचा झालेला, काथ्याच्या विणलेल्या दोरीत ओवलेला. मुलगी मागायची असो, नाहीतर वैर मिटवायचं असो, तो पुढे केला की मागणी पक्की. आणि समोरच्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, की ती मान्य. त्यानंतर मागे फिरणं नाही.

ती तशीच धावत संस्थेच्या कचेरीत गेली. सचिव शलेंद्र प्रसाद हे सज्जन, गुबगुबीत गृहस्थ. जन्म सुवाचाच, फिजियन भाषा मात्र मासळी आणि कसावा विकत घेण्यापुरती. नियमावलीच्या चौकटीशेजारी खिळा ठोकून त्यांनी दात भिंतीवर टांगला होता आणि लांबून डोळे बारीक करून तो सरळ आहे का ते बघत होते.

"या, उलामिलाबाई! काय देखणी भेट दिली हो तुमच्या मामांनी! संस्थेचा एवढा मान आजवर कोणी केला नव्हता. आम्ही चहा-बिस्किटं दिली त्यांना."

"शलेंद्रजी, मामा काय बोलले ते ऐकलंत?"

"ऐकलं की! पाऊण तास ऐकलं. भाषा फार जुनी, फार गोड. ते थांबले की मी आभाराचं 'विनाका, विनाका' म्हणायचो आणि तळहात पोकळ धरून टाळी द्यायचो. अगदी रीतीप्रमाणे."

"त्यांनी तुमच्याकडे मागणी घातली, की आमच्या पोरीला चार्टर्ड अकाउंटंट करा. आणि तुम्ही ती रीतीप्रमाणे मान्य केली."

शलेंद्रजी खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

"अर्जदाराच्या नातेवाइकाकडून... भेट घेतली मी? सचिवानं?" त्यांचा आवाज चिरका झाला. "बाई, आत्ताच्या आत्ता घेऊन जा तो!"

"मी नेऊ शकत नाही. मला दिलेला नाही. आणि तुम्ही परत केलात तर त्याचा अर्थ, मागणी तोंडावर फेकली. गावाचं तोंड आहेत मामा. नदीकाठची अर्धी गावं उद्यापासून या कचेरीकडे पाठ फिरवतील."

"मग भेटींच्या नोंदवहीत लिहून टाकतो!" त्यांनी घाईनं वही उघडली. "वस्तू, दात. देणार, मामा. अंदाजे किंमत?"

"त्याला किंमत नसते. तो विकत नाहीत."

"किंमत नाही तर हा रकाना भरायचा कसा? शून्य लिहू?"

"शून्य लिहिलंत तर मामांचा अपमान."

शलेंद्रजींनी वही मिटली आणि कपाळावर ठेवली. शेवटी नियमाला भिऊन त्यांनी स्वतःच स्वतःची तक्रार आचारसमितीकडे केली. तक्रारीत नाव आलं अर्जदाराचं. तिचा अर्ज स्थगित झाला. चादर पाटीवर तशीच राहिली, आणि भाजीवाल्या बायकांनी खालच्या पायरीवर फुलं ठेवायला सुरुवात केली.

जो तो सल्ला देऊ लागला. सुनावणीच्या आदल्या दिवशी शलेंद्रजी स्वतः घरी आले. माणूस मनाचा चांगला. उकडलेल्या दालोच्या कंदाचा घास घेत म्हणाले, "बाई, मी मसुदा करून आणलाय. दोनच ओळी. 'माझे मामा अडाणी खेडूत असून त्यांना आपण काय करतो ते कळलं नाही. त्यांच्याशी माझा संबंध नाही.' खाली सही करा. अर्ज मोकळा. उद्या सुनावणीसुद्धा नको."

उलामिलानं कागद वाचला. तिचा आवाज खाली गेला. सेरेमायानं चहाचा मग लांब सरकवला.

"मामांना काय कळलं नाही, शलेंद्रजी?"

"अहो, असं लिहायचं असतं नुसतं..."

"त्यांना सगळं कळत होतं. तुम्हाला कळलं नाही. आणि संबंध नाही कसा? मी चालायला शिकले ती त्यांचं बोट धरून. पदवीसाठी मी हे खोटं लिहिलं, तर माझ्या सचोटीची ग्वाही द्यायला दोन माणसं कशाला शोधताय तुम्ही?" तिनं कागदाची नीट घडी करून परत दिली. "आणखी दालो घ्या. सही मिळणार नाही."

संस्थेच्या कचेरीतल्या सुनावणीला मामांना बोलावणं नव्हतं. म्हणून ते आले. ठेवणीतला सुलू लुंगीसारखा नेसून, काखेत स्वतःची चटई घेऊन. समिती लांब टेबलामागे, गुळगुळीत खुर्च्यांवर. मामांनी मधोमध चटई पसरली आणि मांडी घालून खाली बसले.

मग पेच पडला. गावाचं तोंड जमिनीवर, आणि आपण खुर्चीवर उंच, म्हणजे रीतीनं अपमानच. समितीचे अध्यक्ष इलाइसा पांढऱ्या केसांचे, बेटावरच्या रीतीत वाढलेले. त्यांनी दोन-तीनदा टाय सैल केला. शेवटी "गुडघा दुखतोय जरा" असं पुटपुटत ते खुर्चीवरून घसरून खाली आले. अध्यक्ष खाली म्हटल्यावर बाकीचे वर कसे राहणार? एकेक सभासद टेबलाच्या कडेनं गायब झाला. शलेंद्रजी सगळ्यांत शेवटी टेकले, त्यांच्या पँटची शिवण कुठेतरी टर्रकन बोलली. सचोटीची सुनावणी चटईवर सुरू झाली.

"मुली," अध्यक्ष म्हणाले, "हे तुझ्या सांगण्यावरून झालं?"

"नाही. पण मला त्याची लाज वाटत नाही." ती इतकी हळू बोलत होती, की सगळ्यांना पुढे झुकावं लागलं. "तुम्ही विचारलंत, हिला ओळखतं कोण? मामांनी उत्तर दिलं. तुमचे सभासद सही करतात. उद्या मी लबाडी केली तर ते दुसरं पेन घेतील. मी लबाडी केली तर मामांना रविवारी चर्चमध्ये मान वर करता येणार नाही. एवढं त्यांनी तुमच्यापुढे ठेवलं, आणि तुम्ही म्हणता ही लाच."

"नियम तर मोडलाय ना, बाई?"

"मोडलाय. म्हणून मला त्या दातावर पदवी नको. आणि मामांना अडाणी म्हणूनही नको. कायमची अडवून ठेवायची असेल तर अडवा. मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, त्याच्या पुढच्या वर्षीही करीन. चादर फाटली तर दुसरी लावीन. पाटी पुसणार नाही."

मामांनी पोकळ तळहातांनी एकदाच टाळी वाजवली. मामांचं हे आजवरचं सगळ्यांत छोटं भाषण होतं.

अध्यक्षांनी मान वर करून भिंतीवरच्या दाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "शलेंद्र, तो दात काढ भिंतीवरून. तांबुआ परत करता येत नाही, हे खरं. पण तो देता येतो. कोणालाही, नवी मागणी घेऊन." गुडघ्यांवर सरकत ते मामांपुढे गेले, दोन्ही हातांत दात धरून. "थोर माणसा, संस्थेची मागणी एवढीच, की तुझी पोर आम्हाला आमच्या तराजूत तोलू दे. तुझा हात पारड्याला लागू देऊ नकोस."

मामांच्या भुवया वर गेल्या. नाकारावा तर अपमान. घ्यावा तर आपणच केलेली मागणी आपण मागे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी बोलण्यात चीत केलं होतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि दात घेतला.

"आता तोलू या," अध्यक्ष म्हणाले. "पण ग्वाहीचे दोन सभासद नाहीतच."

"एक आहे," कोपऱ्यातून शलेंद्रजी म्हणाले. पँटची शिवण झाकत ते अर्धवट उठले. "मी हिला खोटं लिहून नेऊन दिलं होतं, साहेब. माझ्याच हस्ताक्षरात. सही केली असती तर हिचं काम झालं असतं. हिनं मला दालो वाढला आणि हाकललं. स्वतःच्या अनुभवावरून सांगतो."

अध्यक्ष हसले. "मग दुसरा मी. आजच्या अनुभवावरून."

पुढच्या महिन्यात चादर उतरली. मामा अख्खं गाव घेऊन जिन्यावर आले. खाली भाजीवाल्या बायका मेलेला माणूस उठल्यासारख्या बघत होत्या. मामांनी तोच तांबुआ दोन्ही हातांत धरला आणि जुन्या, गोड, खोल भाषेत बोलायला लागले. आईचं नाव आलं, आजीचं आलं, नदी आली. उलामिलाचे डोळे भरून आले, पुढचे शब्द कानावरून नुसतेच गेले. मामा थांबले की ती "विनाका, मामा, विनाका" म्हणत होती. शेवटी तिनं दात घेतला, कपाळाला लावला, टाळ्या झाल्या.

शलेंद्रजी तिच्या कानाशी वाकले. सुनावणीनंतर त्यांनी फिजियन भाषेची शिकवणी लावली होती.

"बाई, मागणी ऐकलीत ना?"

"कुठली मागणी?"

"गावाचे, चर्चचे, शाळेचे आणि रग्बी क्लबचे हिशेब. तुम्ही तपासायचे. जन्मभर. बिनपैशानं."

उलामिलानं हातातल्या दाताकडे पाहिलं. मग मामांकडे. मामा निरागस चेहऱ्यानं आढ्याकडे बघत होते. मागच्या खेपेची हार त्यांनी व्याजासकट वसूल केली होती. गाव अजून टाळ्या देत होतं.

"मान्य," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता, की सेरेमायानं जवळचा पेला उचलून खिडकीत ठेवला. "एक पैसा घेणार नाही. पावत्या आणा, मामा. सगळ्या. आणि सुरुवात रग्बी क्लबपासून करू या. दरवर्षी 'खेळाडूंची औषधं' या नावाखाली डुकराचं मांस येतं, ते कोण खातं, तेवढं आधी बघायचंय मला."

क्लबचे खजिनदार वाईसाके मामाच होते. त्यांचे दोन्ही हात टाळीच्या अर्ध्यावर थांबले.