पाचशेव्या गोलाचा घोडा

शनिवार, चौदा जून, संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. ओश शहराच्या मैदानात सोळा हजार दोनशे प्रेक्षक बसले होते. यजमान किरगिझ संघाचा उंच बचावपटू कालिस याने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोके लावले आणि पंचदेशीय पर्वत चषकाच्या इतिहासातला पाचशेवा गोल नोंदवला. निदान मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर तरी तसे झळकले.

तो आकडा पडद्यावर पाठवणारे गृहस्थ म्हणजे स्पर्धेचे नोंदप्रमुख ओमुरझाक; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना आदराने आके म्हणत. वय एकसष्ट. तरुणपणी पाटबंधाऱ्याच्या तंत्रनिकेतनात शिकले, काही वर्षे कालव्यांचे पाणी मोजले आणि मग गेली तेवीस वर्षे या स्पर्धेचे गोल मोजत आले. पाण्यापेक्षा गोल बरे, असे ते म्हणत. गोल झिरपत नाहीत, त्यांची वाफ होत नाही आणि रात्री कोणी चोरून आपल्या शेतात वळवत नाही.

या पाचशेव्या गोलावर एक घोडा लागलेला होता. आयोजन समितीचे अध्यक्ष सापारबेक यांची डोंगरात मोठी घोडेपागा होती. पाचशेवा गोल जो मारील, मग तो कोणत्याही देशाचा असो, त्याला पागेतला चार वर्षांचा तांबूस घोडा मिळेल, असे त्यांनी दोन महिन्यांपूर्वी जाहीर केले होते. ताजिक संघाविरुद्धचा अंतिम सामना सुरू होताना हिशेब चारशे नव्व्याण्णववर आला होता, त्यामुळे घोडा सकाळीच मैदानात आणून ठेवला होता. सापारबेक दिलदार होते, पण चूक त्यांना सोसत नसे. मागच्या स्पर्धेत किरगिझ संघासमोर भलतेच राष्ट्रगीत वाजवणारा माणूस आता गुरांच्या बाजाराच्या फाटकावर ट्रकांचे क्रमांक लिहून घेत असे.

मध्यंतराला पाच मिनिटे उरली असताना ओमुरझाक आकेंची सहायक गुलझात हिने संगणकावरून मान वर केली. पहिल्यापासून पाचशेपर्यंत सर्व गोल करणाऱ्यांची नावे मध्यंतरात पडद्यावरून सरकवायची, अशी सापारबेकांची इच्छा होती आणि ती नावे जुळवण्याचे काम तिच्याकडे होते.

"आके, तीन माणसं कमी पडतायत," ती म्हणाली.

"कुठं?"

"नावांत. कालिस चारशे सत्त्याण्णववा येतोय. मी दोनदा मोजलं."

ओमुरझाक आकेंनी आधी तिला चूक शोधायला सांगितले, मग स्वतः शोधली, आणि ती स्वतःच्याच पद्धतीत सापडली. त्यांनी आजवर प्रत्येक स्पर्धेच्या गुणतक्त्यातल्या गोलांची बेरीज धरली होती. ही पद्धत नेटकी होती, झटपट होती आणि तेवीस वर्षे तिच्यावर कोणी बोट ठेवले नव्हते. परंतु बारा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ताजिक संघाची बस बर्फामुळे घाटात अडकली होती. संघ पोहोचला नाही, आणि नियमानुसार किरगिझ संघाला तीन-शून्य असा विजय बहाल झाला. ते तीन गोल तक्त्यात होते, गुणांत होते, फक्त मैदानात कधी झाले नव्हते. ते कोणीच मारले नव्हते.

"म्हणजे खरा पाचशेवा अजून व्हायचाय," गुलझात म्हणाली. "आणखी तीन गोलांनी."

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. तुम्हालाच जोरात ऐकू येतंय."

ओमुरझाक आके जिन्याने खाली धावले. काहीही करून समारंभ थांबवायचा, निदान उद्यावर ढकलायचा, असे त्यांनी ठरवले होते. पण मध्यंतराची शिट्टी त्यांच्याआधी खाली पोहोचली. ते मैदानाच्या कडेला आले तेव्हा कालिसच्या खांद्यावर चापान, म्हणजे मानाचा जरीकाठी झगा, चढलेला होता, डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी होती आणि हातात घोड्याचा लगाम होता. कालिसचे काका तोक्तोसुन यांनी दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली होती, आणि सोळा हजार लोकांनी त्यांच्याबरोबर हात वर केले होते. खांद्यावर घातलेला चापान आणि आशीर्वाद देऊन हाती दिलेला घोडा माघारी घ्यायचा, तर त्यापेक्षा कालिसच्या सात पिढ्यांना शिव्या दिलेल्या बऱ्या. ओमुरझाक आकेंनीही निमूटपणे हात चेहऱ्यावरून फिरवले.

एवढ्यावर भागले नाही. तोक्तोसुन यांची नजर त्यांच्यावर गेली.

"हेच ते," काका गर्दीला म्हणाले. "बातमी पहिल्यांदा यांनी दिली. सुयुंचू यांचा."

चांगली बातमी जो पहिल्यांदा आणील त्याला भेट द्यायचीच, हा सुयुंचूचा रिवाज. ती नाकारणे म्हणजे बातमीच खोटी आहे असे सांगणे. ओमुरझाक आकेंनी सांगून पाहिले की आपण साधे नोकर आहोत, बातमी पडद्याने दिली आहे. काकांनी उत्तर दिले की पडद्याला मेंढा देता येत नाही. त्यांनी पुतण्याचा विजय साजरा करायला आणलेला जाडजूड मेंढा दोरीसकट आकेंच्या हाती दिला. आता खोट्या बातमीवर इनामही घेऊन झाले होते.

मेंढ्याला घेऊन ओमुरझाक आके वर आले आणि त्यांनी त्याला टेबलाच्या पायाला बांधले. गुलझातने मेंढ्याकडे पाहिले, मग आकेंकडे.

"थांबवायला गेला होतात ना?"

"उशीर झाला."

"ते दिसतंय मला. नावं मी आकडे न घालताच सोडली पडद्यावर." तिने पिशवीतून वाळलेल्या दह्याची एक खारी गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "खा. ओठ पांढरे पडलेत तुमचे."

ओमुरझाक आकेंनी परिस्थितीचा पद्धतशीर विचार केला. उरलेल्या सामन्यात तीन गोल झाले नाहीत, तर खरा पाचशेवा गोल पुढच्या स्पर्धेत होईल. ती दोन वर्षांनी. तोवर आपण निवृत्त झालेले असू आणि दुरुस्ती एखाद्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापता येईल. पण तीन गोल आजच झाले, तर तिसरा मारणारा घोडा मागेल. कालिसचे कुटुंब तो देणार नाही. सोळा हजार लोकांदेखत सापारबेक खोटे पडतील. आणि मग गुरांच्या बाजाराला दुसरेही फाटक आहे, हे आकेंना आठवले.

त्यातून एक विचित्र गोष्ट झाली. आपल्याच देशाचा संघ एक-शून्यने पुढे असताना ओमुरझाक आके मनोमन प्रार्थना करू लागले की आता कोणीही, कुठेही, काहीही मारू नये.

त्रेपन्नाव्या मिनिटाला ताजिक संघाने बरोबरी केली. चारशे अठ्ठ्याण्णव. मैदान शांत झाले. मेंढा ओरडला.

शेजारच्या टेबलावर ताजिक संघटनेचे नोंदकार साफारअली बसले होते. हे बारीक चणीचे, शांत गृहस्थ आकेंच्याच वयाचे होते आणि आतापर्यंत मान खाली घालून जर्दाळू खात होते. सदुसष्टाव्या मिनिटाला त्यांच्या संघाला पेनल्टी मिळाली आणि दोन-एक झाले. चारशे नव्व्याण्णव. साफारअलींनी पिशवी आकेंपुढे सरकवली.

"घ्या, आके. आमच्या बागेतले आहेत."

आकेंनी एक घेतला.

"एक विचारू? रागावू नका," साफारअली म्हणाले. "तुमच्या पाचशेमध्ये ते घाटातले तीन धरलेत का?"

गुलझातचे हात थांबले. ओमुरझाक आके म्हणाले की कोणते घाटातले, आपल्याला काही आठवत नाही.

"मला आठवतात. मी त्या बसमध्ये होतो. दोन दिवस. बत्तीस माणसं आणि जर्दाळूंची एक गोणी. त्या तीन गोलांच्या वेळी मी बर्फ वितळवून चहा करत होतो, म्हणून पक्कं सांगतो, ते कोणी मारलेले नाहीत."

"कुणाला बोललात?"

"अजून नाही. बघतोय." साफारअलींनी मैदानाकडे बोट केले. "पुढचा आमच्या दाव्लातने मारला, तर बोलावं लागेल. गरीब आहे हो तो. घोडा मिळाला तर त्याच्या बापाला किती बरं होईल."

त्यांच्या आवाजात धमकी अजिबात नव्हती. म्हणूनच आकेंना दरदरून घाम फुटला. आणि धोका एकाच बाजूने नव्हता. यजमानांपैकी दुसऱ्या कोणी गोल मारला, तर घोडा कालिसच्या गावातून काढून दुसऱ्या गावात न्यावा लागणार होता, आणि ही दोन गावे त्यानंतर शंभर वर्षे एकमेकांत सोयरीक करणार नव्हती. ओमुरझाक आके आता दोन्ही संघांच्या प्रत्येक हल्ल्याला घाबरत होते. चेंडू मध्यरेषेवर असला की त्यांचा श्वास चाले, तो कुठल्याही बाजूला सरकला की अडके.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला किरगिझ कर्णधाराचा फटका खांबावर आदळून बाहेर गेला. सगळ्या मैदानाने एकदम कपाळावर हात मारला. त्या शांततेत एकच स्पष्ट आवाज उमटला, "खुदाची मेहेरबानी."

पुढच्या रांगेतली माणसे सावकाश मागे वळली. त्यांना आपल्याच नोंदप्रमुखाचा सुटकेने उजळलेला चेहरा दिसला आणि त्याच्या पायाशी एक मेंढा दिसला.

"बरं नाही त्यांना," गुलझातने त्यांना सांगितले. "सकाळपासून."

इकडे मैदानात आणखी एक अडचण दबा धरून बसली होती. कालिसला मिळालेला घोडा पागेच्या माणसांनी धावपट्टीवर, नेमक्या किरगिझ गोलामागच्या कठड्याला बांधून ठेवला होता. कालिस मेंढपाळाचा मुलगा. चार वर्षांचा तांबूस घोडा, पहिल्यांदाच स्वतःचा, वीस पावलांवर उभा आणि आपली पाठ त्याच्याकडे, हे त्याला झेपत नव्हते. उत्तरार्धात दर मिनिटाला तो मागे वळून पाही. घोड्याने पाय आपटला की पाही, शेपूट हलवली की पाही. प्रशिक्षक बाहेरून ओरडून थकले होते.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ताजिक संघाच्या दाव्लातने डावीकडून जोराचा फटका मारला. त्याच क्षणी घोडा खिंकाळला. कालिस वळला. चेंडू त्याच्या पोटरीवर आपटला, दिशा बदलून गोलरक्षकाच्या उलट बाजूने गेला आणि जाळ्यात विसावला. ताजिक संघ तीन, यजमान एक.

खरा पाचशेवा.

साफारअली उभे राहिले. जर्दाळूंची पिशवी त्यांच्या मांडीवरून पडली आणि मेंढा तिच्याकडे वळला. "दाव्लातचा," ते म्हणाले. "आके, माफ करा, पण हा दाव्लातचा."

ओमुरझाक आके घाबरून अर्धमेले झाले होते, तरी कुणी गोलाचे नाव उच्चारले की त्यांच्यातला नोंदकार आपोआप जागा होई. त्यांनी कोरड्या तोंडाने नियम सांगितला. फटका गोलाच्या रोखाने असेल, तर बचावपटूला लागून गेला तरी तो मारणाऱ्याचा. फटका बाहेर जाणार असेल आणि बचावपटूने तो आत नेला, तर स्वयंगोल, आणि नोंदीत नाव बचावपटूचे. नाव कोणाचे ते दोन्ही नोंदकारांनी मिळून ठरवायचे.

"ठाऊक आहे मला," साफारअली म्हणाले. "दाखवा."

गुलझातने चित्रण लावले. साफारअलींनी ते एकदा पाहिले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. तिसऱ्या वेळी त्यांनी फटक्याच्या क्षणी चित्र थांबवायला सांगितले आणि गुलझातची पट्टी मागून घेऊन पडद्यावर चेंडूच्या मार्गाची रेघ धरली. ओमुरझाक आकेंना खात्री होती की एवढा गरीब दाव्लात, त्याचा एवढा गरीब बाप आणि बर्फातले ते दोन दिवस, हे सगळे आता त्या पट्टीच्या एका टोकाला येऊन बसले आहे, आणि ती जराशी कललीच पाहिजे.

"बाहेर चालला होता," अखेर साफारअली म्हणाले. त्यांनी पट्टी खाली ठेवली. "चांगला एक मीटर बाहेर. कालिसचाच. लिहा."

"नक्की?"

"अहो, माझ्या डोळ्यांनी बघतोय. तुम्ही लिहा, नाहीतर माझं मन बदलेल."

शिट्टी झाली. चषक ताजिक संघाकडे गेला आणि ओमुरझाक आके सापारबेकांकडे गेले. खरे म्हणजे आता न जाताही चालले असते. पण चूक माहीत असलेली माणसे तीन झाली होती, आणि तिसऱ्याने आपल्या खेळाडूचा घोडा सोडला होता.

सापारबेक कठड्याला टेकून एकटेच उभे होते. हरलेल्या यजमानाचा चेहरा जसा असावा तसाच त्यांचा होता. आकेंनी सगळे सांगितले. तक्त्यांची बेरीज सांगितली, घाट सांगितला, कोणीच न मारलेले तीन गोल सांगितले, पडद्यावरचा आकडा खोटा होता हे सांगितले. सापारबेकांची मान आधी तांबडी झाली, मग कान.

"म्हणजे सोळा हजार लोकांसमोर मी चुकीच्या गोलाला घोडा दिला."

"हो."

"मग बरोबर गोल कुणाचा?"

"शेवटचा. ताजिकांना मिळालेला तिसरा."

"तो कुणी मारला?"

"कालिसने."

सापारबेकांनी मान वळवली. दूर धावपट्टीवर कालिस अंतिम सामना हरल्याचे दुःख घोड्याच्या मानेत तोंड खुपसून करत होता. घोडा त्याच्या केसांचा वास घेत होता.

"आपल्याच गोलात?"

"आपल्याच गोलात. पण नियमाने मोजला जातो. आणि नाव त्याचंच लागतं."

"मग घोडा?"

"त्याचाच."

"मग आके," सापारबेक कपाळ पुसत म्हणाले, "माझा जीव कशाला काढलात?"

ओमुरझाक आकेंनी कालव्यांच्या काळापासूनच्या सवयीने एवढेच सांगितले की मोजमाप चुकले की कळवावे लागते. सापारबेकांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले, मग थकून पाहिले, आणि दुरुस्ती उद्याच काढा, पण थोडक्यात काढा, असे सांगून ते निघून गेले.

रविवारी सकाळी दोन्ही नोंदकारांच्या सहीने दुरुस्तीपत्रक निघाले. पाचशेव्या गोलाच्या नोंदीत मिनिट बदलले, गोलाची बाजू बदलली आणि ज्या संघाच्या खात्यात तो गेला तो संघ बदलला.

बदललेली नावे : शून्य.