तीन कोटेशनं आणि एक दुखरी मान

आपल्याला कुणी फसवू शकत नाही! कारखान्याच्या खरेदी विभागात मी उभी हयात घालवली आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधी टाचणी घेतली नाही. त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, माझ्या गिऱ्हाइकांचे मेसेज एका जागी दिसतील असं काहीतरी शोधा ना," तेव्हा तिचं नशीब उघडलं, असंच मला वाटलं.

बायको मागच्या खोलीत दिव्यांच्या कापडी शेड शिवते आणि ऑनलाइन विकते. निम्मा माल एक हॉटेलवाला एकटाच त्याच्या लॉजच्या खोल्यांसाठी उचलायचा. त्याच्या भरवशावर तिनं कोपऱ्यावरचा गाळा बघून ठेवला होता. हातात कात्री आणि कान-खांद्याच्या बेचक्यात फोन, अशी ती दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची. मान धरणार नाही तर काय होणार?

"साधंच बघा हं."

"तू शिव गं! हे माझं खातं आहे!"

मी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं चाचणीपुरती फुकट मिळवली. तिन्ही विक्रेते मला 'सर' म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं, मी पार विरघळलो. मग रीतसर निवड समिती नेमली. मी, सासूबाई आणि मेहुणा. बायकोला घेतलं नाही. वस्तू जो वापरणार त्याला समितीत घ्यायचं नाही, ही आमच्या कारखान्याची जुनी रीत!

समितीनं गिऱ्हाईक बनून खोट्या तक्रारी पाठवायच्या आणि मी उत्तरं द्यायची, असं ठरलं. सगळ्या तक्रारी सॉफ्टवेअरमध्येच याव्यात म्हणून मी वेबसाइटवरचा बायकोचा फोन नंबर काढून टाकला. तिला सांगायचं राहिलं.

तक्रार पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'ग्राहक' दिसायचं. पण पहिली तक्रार सासूबाईंची हे आंधळ्यानंही ओळखलं असतं. "माल दिसायला बरा, कामाचा शून्य. लग्नात घेतला होता. बदलून मिळेल का?" मी दातओठ खात उत्तर दिलं.

पाठोपाठ दुसरी आली. "तुमच्या शेड करपताहेत! दोन खोल्यांतली माणसं बाहेर काढलीत. ताबडतोब फोन करा!"

मेहुण्याला नाटकाची हौस लहानपणापासूनच. मी लिहिलं, "आधी स्वतःचं डोकं विझवा, मग दिव्याचं बघू!" आणि तक्रार बंद केली.

लगेच उलट मेसेज आला, "ही काय चेष्टा आहे?"

"चेष्टेखोर तर तुमचं घराणं!" मी पुन्हा बंद केली. सॉफ्टवेअरनं जलद सेवेबद्दल मला हिरवी खूण दिली.

संध्याकाळी मेहुणा आला. मी त्याची पाठ थोपटली. "आगीची कल्पना झकास हं!"

"कसली आग, भावोजी? मी अजून काही पाठवलंच नाही!"

मी मागच्या खोलीत धावलो. बायकोला सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली आणि हॉटेलवाल्याला फोन लावला. "दादा, बल्ब मोठा लागलाय का हो? लहान लावला की झालं."

"ते आमच्या लक्षात आलं, बाई. मी बाहेर होतो, माझ्या मॅनेजरला वेबसाइटवर तुमचा नंबरच मिळाला नाही. शेड बाजारात ढिगानं मिळतात. तुमचा फोन उचलला जायचा, म्हणून तुमच्याकडून घेत होतो," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीन कंपन्यांना विचारलंत, माझ्या आईला विचारलंत," ती म्हणाली, "मलाही एकदा विचारायचंत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपऱ्यावरचा गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला. नंबर दिसेना म्हणून बाकीची गिऱ्हाइकंही इकडेतिकडे पांगली. मी नंबर पुन्हा टाकला, पण गेलेलं गिऱ्हाईक नंबर बघायला परत येतंय थोडंच! समितीनं एकमतानं निवडलेलं सॉफ्टवेअर आता सगळे मेसेज एका जागी दाखवतं. काल एक आला होता, त्या कंपनीचाच. "सर, आमची सेवा कशी वाटली?"

खोटं कशाला बोलू? गुण आला. बायकोची मान दुखायची पार थांबली आहे. हल्ली फोनच वाजत नाही.