टप्प्याचं झाकण

ये, जवळ बस. इतक्या लांबून आलंस आणि परक्यासारखं उंबऱ्यात काहून उभं राहून राहिलंस? आणि त्या प्रवासातल्या डब्याचं झाकण धुऊन अंगणात वाळत ठेवलंस, ते आधी आत आण. हसू नको लेकरा. मारोती मेंढरं घेऊन याच रस्त्यानं येतो. त्याची नजर पडली की झाकण गेलंच समज. चोरून नेत नाही बापडा. रीतसर मागतो, पण दिल्याशिवाय दारातून हलत नाही.

आमच्या गल्लीत पातेल्याला झाकण असलेलं घर शोधून दाखव. कुणी ताट पालथं घालतं, कुणी परात. एका घरी तर दुधावर पाट ठेवतात आणि पाटावर वरवंटा. झाकणं सगळी मारोतीच्या मेंढवाड्याला टांगलेली. तुपाच्या डब्याची, रंगाच्या डब्याची, पितळी, हलक्या पांढऱ्या जर्मलची. वारा सुटला की ती आपापसात हळू किणकिणतात, आणि दुपारच्या डुलकीत मला वाटतं, लांबच्या देवळात कुणी तरी आरतीची तयारी करतंय.

मारोती माझा शेजारी. वाळल्या पऱ्हाटीसारखा उंच, खांद्यावर घोंगडं, बोलणं कमी. मेंढरं वळवायला कुणी काठी उगारतं, कुणी खडा मारतं. हा झाकण फेकायचा. कमरेत वाकून, माळाच्या मुरमाला घासून जाईल असं. झाकण टेकायचं, उसळायचं, पुन्हा टेकायचं, टण, टण, टण करत पार बोरीच्या झाडापर्यंत.

"खड्यानं मेंढराचा पाय मोडतो, अक्का," मला सांगायचा. "झाकण नुसतं नाचून दावतं. पण टप्पा पाहिजे. टप्पा न्हाई ते झाकण कायचं?"

मुरमावर आपटून झाकणाचा काठ लवकर चेपायचा. मग नव्याचा शोध. एकदा जवळा बाजार या गावी आम्ही एकाच टमटमनं गेलो. भांड्याच्या दुकानापुढं हा उकिडवा बसला, झाकणामागून झाकण बोटावर तोलू लागला. नखानं टिचकी मारायची, कान लावायचा, एक डोळा मिटून काठ बघायचा. "हे चावरं हाय, काठ खाली वळलाय, मातीला चावून बसंल. हे लोळकं, पोट जड झालं. हे बघा, हे नाचरं." एवढं म्हणून त्यानं ते भर बाजारात फेकलं. झाकण कांदेवाल्याच्या तागडीवरून उसळलं, बसलेल्या एका म्हशीच्या पाठीवर टेकलं आणि मिरचीच्या ढिगात जाऊन रुतलं. अर्धा बाजार शिंकला.

"चाचा, ढक्कन अकेला नहीं बिकता," दुकानदार डोळे पुसत म्हणाला.

"मंग डबा तूच ठेव. पैसे दोन्हीचे घे." मारोती मिरची झटकत होता.

त्याचा भाचा पुण्याला कामाला. एका दिवाळीला तो मामासाठी फेकायची प्लास्टिकची लाल तबकडी घेऊन आला. सगळा गाव माळावर जमला. तबकडी जी उडाली, ती घारीसारखी तरंगतच राहिली. संध्याकाळचं पिवळं ऊन, वर ती लाल चकती, आणि खाली आम्ही सगळे माना वर करून, तोंडं उघडी. मग ती गवतात कुठं तरी अलगद उतरली.

"उडतं झकास," मारोती म्हणाला. "पण मुकं हाय रे. खाली बसल्यालं बी कळत न्हाई."

ती तबकडी पुढं कोंबड्यांना पाणी ठेवायच्या कामी आली.

इथवर सगळं गमतीचं. पण त्याची एक गोष्ट गावाला खटकायची. रोज सकाळी मेंढरं निघाली की हा मागून झाकण फेकायचा, आणि त्याची बायको कौसा चालत जाऊन ते उचलायची. हा गाठेपर्यंत ती थांबायची, त्याच्या हातात झाकण द्यायची, की हा पुन्हा पुढं फेकायचा. असं पार माळाच्या टोकापर्यंत.

"कुत्र्यागत पळवतो बायकोला," हापशावर बाया म्हणायच्या. त्याच्या तोंडावरही म्हणायच्या. तो ऐकून घ्यायचा. कौसा पदरात हसायची.

मीही एकदा अडवलं. "मारोती, सोताचं झाकण सोता उचलावं."

"मी उचलाया गेलो तं टप्पा कोण पाहील, अक्का?" म्हणाला आणि निघून गेला.

त्या साली माळाच्या कडेचा पट्टा कुणी तरी नांगरून घेतला. मी तिथंच जळण वेचत होते. झाकण आलं, टण, टण, आणि नांगरटीत शिरून गप्प झालं. कौसा जागच्या जागी थांबली. झाकण तिच्या पायापाशी, उन्हात असं चमकत होतं की माझे डोळे दिपले. ती मात्र मान जराशी कलती करून उभी, लांबून कुणी हाक मारील म्हणून वाट बघावी तशी.

"कौसा, पायापाशीच तं हाय की," मी म्हणाले.

ती वाकली. भलत्याच बाजूला वाकली. आणि दोन्ही हातांनी ढेकळं चाचपू लागली.

मारोतीला पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला बघून तो थबकला. मग हळू म्हणाला, "अक्का, गावात बोलू नका. नांदेडला दाखवलं. डॉक्टर म्हणले, गेलेली नजर येत न्हाई. काठी घे म्हणलं तं म्हणती, काठी धरली की लोक आंधळी म्हणतेत. हात धर म्हणलं तं म्हणती, दिवसाढवळ्या नवऱ्याचा हात धरून गावातून चालू का, जनाची लाज हाय का न्हाई? अन् घरी बसवलं तं मेंढरं आठवून रडती."

"मंग?"

"मंग काय. एका आवाजानं जागा कळती. टप्पे पडले की वाट कळती."

"तसं काय न्हाई अक्का," कौसा ढेकळातूनच बोलली. "अंधुक दिसतं मला."

मी झाकण उचललं, माती पुसली आणि वाकून मुरमावर फेकलं. कसेबसे दोन टप्पे पडले. कौसा उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आवाजाच्या रेषेवर सरळ चालत गेली, नदीच्या पाण्यातून दिवा जावा तशी.

"झाकण चांगलं हाय," मागून मारोती म्हणाला. "हात वाईट हाय तुमचा."

माझ्या घरातली झाकणं त्यानंतर एकेक करून मीच नेऊन दिली. गाव त्याला येडा म्हणत राहिलं, बायकोला छळणारा म्हणत राहिलं. त्यानं एकदाही खरं सांगितलं नाही. शेवटी मागल्या उन्हाळ्यात कौसानंच हापशावर सांगून टाकलं. म्हणाली, आता म्हातारीला कोण हसतंय?

"मंग आता तरी हात धर की त्याचा," मी म्हणाले.

"काहून? झाकण वाजतंय की अजून."

वाजतंय खरं. पण मारोतीचा खांदा आता आखडतो. बोरीपर्यंत जाणारं झाकण चार पावलांवर पडतं. त्यामुळं हल्ली दोघं एकमेकांच्या जवळ चालतात.

ऐक, आली बघ मेंढरं. तू चार दिवसांनी परत जाशील, पण फार दिवस लावू नको, लवकर ये. आणि येताना मला साडी-बिडी आणू नको. एक झाकण आण. काठ खाली वळलेला नको, पोटात हलकं बघ, आणि दुकानातच वाजवून घे.