मोटर निवड समिती, सदस्यसंख्या एक

अमरावतीचे चंद्रभान इंगळे एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून सन्मानाने निवृत्त झाले आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी लाकूड कातायचं लेथ मशीन बसवलं. त्यांची मुलगी हर्षा अकोल्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नातवंडाचा पाळणा आजोबांच्या हातचाच व्हायचा, असं घरात ठरलं.

पाळण्याचा पहिला खांब मशीनवर चढवला आणि मोटर सुरू केली. तिला एकच वेग ठाऊक होता. ओबडधोबड लाकूड सुटून उडालं आणि ट्यूबलाइट फुटली. कच्च्या लाकडाला वेग कमी हवा, शेवटच्या सफाईला जास्त, तेव्हा वेग बदलता येणारी मोटर घ्यावी, असा निष्कर्ष चंद्रभानांनी काढला. निष्कर्ष अगदी योग्य होता. इथपर्यंत त्यांना कोणी हसू नये.

मग त्यांनी फाइल उघडली.

निवड समितीचे अध्यक्ष ते स्वतः, सचिव ते स्वतः, हरकती घेणारेही तेच. तीन पर्याय आले. धावायच्या यंत्राची मोटर ‘लेथवर कोणी धावत नाही’ या शेऱ्यासह परत गेली. शिलाई मशीनच्या मोटरसाठी त्यांनी पत्नी आशाबाईंकडे ना-हरकत दाखला मागितला, कारण शिलाई हे त्यांचं खातं; तो मिळाला नाही. उरली ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या खोक्यावर, चालणारी थ्री-फेज मोटर. पण बाकीचे दोन बाद झाल्यामुळे तुलनात्मक तक्त्यात एकच नाव राहिलं, म्हणून प्रक्रिया रद्द करून नव्याने सुरू केली.

“अवो, लेकरू काय तुमच्या तक्त्यासाठी थांबन?” आशाबाई म्हणाल्या.

“तीन पर्यायांशिवाय सही करता येत नाई. उद्या तपासणी आली तर?”

“घरात? कोनाची तपासणी?”

या प्रश्नाची नोंद घेण्यात आली.

लेकरू थांबलं नाही. आशाबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि बाळ तिच्यात झोपलं. बारशाला हर्षाचे सासरे पुंजाराम आले. अकोल्याच्या कारखान्यात त्यांचा उभा जन्म लेथवर गेलेला. मशीनकडे त्यांनी एक नजर टाकली.

“इवाई, मोटर काहून बदलता? लेथले मोठी पुली लावा, पट्टा तिच्यावर चढवा, वेग आपोआप उतरते. सफाईले परत लहान पुली. मी जेवण झाल्यावर चारही खांब कातून देतो.”

“सूचना स्तुत्य आहे,” चंद्रभान म्हणाले, “पण पर्याय मागवायची मुदत शुक्रवारी संपली.”

पुंजाराम बायाबापड्यांच्या गर्दीत जाऊन बसले. पुढच्या खोलीत आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि एकच गलका झाला. मागच्या खोलीत चंद्रभान एका कानात बोट घालून दुकानदाराशी फोनवर हमीपत्राच्या मसुद्याबद्दल बोलत होते. इतका नालायक शहाणपणा फार वर्षांच्या सरावाशिवाय येत नाही.

मोटर आली तेव्हा हर्षा अकोल्याला परतून वर्ष होत आलं होतं आणि बाळ चालायला लागलं होतं. मोटर मात्र झकास होती. बटण फिरवलं की फेरे मोजता येतील इतकी सावकाश फिरे. चंद्रभानांचे डोळे पाणावले. लगेच ते पूर्तता अहवाल लिहायला बसले. पहिलाच रकाना होता: ‘लाभार्थ्याचे नाव’.

पेन थांबलं. त्यांनी हर्षाला फोन लावला.

“हर्षा, लेकराचं नाव काय ठेवलं वं आपन?”



“बाबा, बारशाच्या दिवशी तुमी घरीच होते ना?”

तिने फोन ठेवला. रकाना कोरा राहिला.

आता तुम्ही चंद्रभानांना हसाल. हसा. पण इथवर वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एक मोटर पक्की केलीच असेल. तो नातू होता की नात, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?